आधी बाटली पडू दे

सुरुवातीलाच सांगून टाकते. हा श्रद्धांजलीचा लेख नाही. बाई ठणठणीत आहे, हल्ली नांदेडला भाचीकडे असते आणि तिथल्या डॉक्टरला शहाणपण शिकवते. दुसरं असं, की ती मला आवडत नव्हती. तिच्याविरुद्ध मी एक पत्रक काढलं होतं. गुलाबी कागद, दोन्ही बाजूंनी छपाई, मथळा: 'दारू दुकानदाराची हस्तक कोण?' खाली उत्तर दिलं नव्हतं, पण ज्याला कळायचं त्याला कळत होतं. पत्रकात एकंदर अकरा मुद्दे होते. त्यातला एकही खरा नव्हता. हे कबूल करायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळात माझी दुसरी शंभर पत्रकं निघाली असती.

हिंगोलीत तिला सगळे 'जाझवाली' म्हणत. खरं नाव कुणी घेत नसे. ती म्हणायची, "नाव पोस्टरवर टाकायचं असतं. तोंडात कशाला घेता?" म्हणून मीही इथे घेत नाही.

जाझ हा शब्द आमच्या भागात तिच्याआधी आला नव्हता आणि तिच्यानंतर थांबला नाही. ती लग्नाच्या बँडमध्ये गायची. एक हातगाडी, गाडीवर चार कर्णे, मागे ढोल, ताशा, दोन ट्रम्पेट, आणि सगळ्यांच्या पुढे क्लॅरिनेट वाजवणारे मास्तर. मास्तरांचे वडील हैदराबादला निजामाच्या फौजी बँडमध्ये होते. पोलीस ॲक्शननंतर फौज गेली, बँड गेला. एक क्लॅरिनेट आणि ग्रामोफोनच्या तव्यांची एक पेटी घेऊन ते हिंगोलीला आले. ते तवे कुठल्यातरी साहेबलोकांच्या क्लबातले होते. त्यांत अमेरिकेतल्या काळ्या बाया गायच्या. मास्तरांनी ते ऐकून ऐकून झिजवले आणि मग बाईला ऐकवले. बाई तेव्हा सतरा-अठराची, बौद्धवाड्यातली, कापूस वेचायला जाणारी.

"मास्तरला इचारलं, या बाया कोण?" ती सांगायची. "मास्तर म्हणले, गुलामाच्या लेकी. कापूस वेचायच्या. म्हणलं, बराबर. तिकडंबी कापूस, इकडंबी कापूस. मंग गाणं काहून येगळं व्हईल?"

एवढ्यावर तिचं संगीताचं शिक्षण संपलं. इंग्रजीचा एक शब्द तिला येत नव्हता आणि त्याची तिला गरजही वाटली नाही.

बँडमधल्या बाईनं कसं गावं याचा आपल्याकडे नमुना ठरलेला आहे. सिनेमातलं गाणं, सिनेमातल्यासारखं, नवरदेवाच्या दोस्तांना नाचता येईल असं. बाई तेच गाणं घ्यायची. पहिली ओळ सरळ. दुसऱ्या ओळीला ढोल समेवर यायचा आणि बाई यायचीच नाही. नाचणाऱ्यांचा एक पाय वर राहायचा. ढोल पुढे निघून गेला की मागून सावकाश, हातात पिशवी घेऊन बाजारातून आल्यासारखी ती ओळ यायची. तिसऱ्या ओळीपासून ती शब्दच सोडून द्यायची. दू-बा, दा-बा-डी, रा-बा. क्लॅरिनेट काहीतरी म्हणायची आणि बाई तिला उलट उत्तर द्यायची, नळावरच्या दोघींसारखी. अर्थ काही नाही, पण भांडण कशावरून चाललंय ते सगळ्यांना कळायचं.

पुसेगावच्या एका लग्नात नवरदेवाचा मामा हात जोडून पुढे आला. "बाई, मुहूर्त टळून राहिला ना."

"टळू द्या की. नवरी काय पळून जाऊन राहिली का?"

"अहो, ढोलाबरोबर गा ना जरा."

"घाई ढोलाला असती, मामा. मी काय ढोल हाय? आधी ताल येऊ द्या. मंग मी येते."

हे तिचं वाक्य लग्नापुरतं नव्हतं. मोर्चा निघून गेल्यावर ती मोर्चाला यायची. सभेत टाळ्या संपल्या की तिची एक टाळी वाजायची. आमच्या दारूबंदीच्या संघटनेत तीही होती, आणि तिथं हा शिस्तीचा प्रश्न झाला होता. तिला ताकीद द्यावी असा ठराव मीच मांडला, आणि तो मंजूर झाल्यावर बाई दारातून आत आली आणि म्हणाली, "काय ठरलं?"

तिची दुसरी खोड म्हणजे ती बसायची नाही. एसटीत जागा रिकामी असली तरी दांडा धरून उभी. कळमनुरीपर्यंत उभी, नांदेडपर्यंत उभी. कंडक्टर वैतागायचे. झोपतेसुद्धा भिंतीला टेकून उभी, अशी हिंगोलीत बोलवा होती. ती खोटी होती, पण तिनं कधी नाकारली नाही. मला वाटायचं, नाटकं करते. नाटकं करतच होती. पण ती कुठून आली हे मला मास्तरांनी सांगितलं तेव्हा माझं पत्रक वाटून झालं होतं.

लग्नसराई संपली की बाई नाटकात काम करायची. नव्वदच्या सुमाराला गावोगाव सामाजिक नाटकांची लाट होती. त्यात बाईला एकच काम मिळायचं: पडायचं. रंग काळा, घर बौद्धवाड्यात, मग हिरॉइनचं काम तिला कोण देणार? पहिल्या अंकात मोलकरीण होऊन मालकिणीच्या पायावर पडायचं. दुसऱ्या अंकात वेडी होऊन रस्त्यावर. तिसऱ्यात मेलेली आई. समाजप्रबोधन करणाऱ्या लेखकांना पडलेली बाई फार लागते. मीही लेखक आहे, मला माहीत आहे.

तर तालुक्याच्या एका नाट्यस्पर्धेत ती तिसऱ्या अंकात मेली. हिरोनं रडून घेतलं. पडदा पडायचा, तो पडेना. दोरी वर चाकात अडकली होती. प्रमुख पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाची घाई होती, म्हणून निवेदकानं डोकं चालवलं आणि पाहुण्यांना तसंच मंचावर बोलावलं. हे पाहुणे म्हणजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ. सगळे त्यांना नुसतं 'साहेब' म्हणतात, आणि तेवढं इथं पुरे. साहेब प्रेतावरून ढांग टाकून माइकपाशी गेले आणि स्त्रीशक्तीवर बोलू लागले.

बाई मेलेलीच. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. हिरो हात जोडून उभा. साहेब रंगात आले, एक पाऊल मागे सरले आणि त्यांचा बूट बाईच्या पदरावर पडला. तो तिथंच राहिला. भारतीय नारीला जगात तोड नाही, असं ते म्हणत होते.

बाई उठून बसली. समोरच्या रांगेतलं एक लेकरू किंचाळलं. बाई म्हणाली, "साहेब, पदर सोडा," आणि माइक काढून घेऊन गायला लागली. दू-बा, दा-बा-डी. मास्तर प्रेक्षकांत होते, पण क्लॅरिनेट त्यांच्या पिशवीत नेहमीच असायची.

निकालाच्या कागदावर परीक्षकांनी शेरा मारला: 'मयत पात्राकडून शिस्तभंग.' नाटक बाद झालं. त्या दिवसापासून बाईनं ठरवलं, मंचावर आडवं व्हायचं नाही, आणि मंचाखालीही चारचौघांत बसायचं नाही. पुढं तिला नाटकात कुणी घेतलंही नाही. न पडणाऱ्या बाईसाठी सामाजिक नाटकात काम नसतं.

हे मला माहीत नव्हतं तेव्हाची गोष्ट सांगते.

माझं गाव पुसेगावच्या पलीकडे. शाळेपासून हाकेच्या अंतरावर परवान्याचं देशी दारूचं दुकान. परवाना साहेबांच्या मेहुण्याच्या नावावर. दुकान बंद करायचं तर कायद्यानं बायांचं मतदान घ्यावं लागतं. कागदावर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. आता यातली सरकारी मेख बघा. जेवढ्या बाया मतदानाला आल्या त्यांच्यातल्या निम्म्या आपल्या बाजूनं असून भागत नाही. यादीत जेवढ्या बाया आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त शिक्के आडवीवर पडावे लागतात. जी आली नाही ती आपोआप दारूच्या बाजूनं. दारू प्यायला माणूस यावा लागतो, दारूच्या बाजूनं मत द्यायला यावंही लागत नाही.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. मी नाटक लिहिलं. तीन पानं, सोळा घोषणा. पात्रं: पीडित पत्नी, दारुडा पती, शोषक दुकानदार आणि बाटली. शेवटी गावातल्या बाया बाटलीला ढकलतात, ती आडवी पडते, बाया तिच्यावर पाय ठेवून घोषणा देतात. बायांना चिन्ह पाठ व्हावं हा उद्देश.

वाचन झालं. बाई खांबाला टेकून ऐकत होती. म्हणाली, "यात बोलण्यासारखं एकटी बाटलीच हाय."

"बाटलीला एकही वाक्य नाही, बाई."

"म्हणून तर. मी बाटली व्हते."

मी म्हटलं, शेवटी पडावं लागेल. ती म्हणाली, "बघू." तालमीत तिनं एकदाही पडून दाखवलं नाही. "प्रयोगाला," म्हणायची. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण मी घोषणांचा क्रम लावण्यात गुंतले होते.

प्रयोग मारुतीच्या पारासमोर, दिवेलागणीला. बाई हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर घासलेटचं नरसाळं उपडं घालून उभी राहिली. बाया हसल्या. मग ती दारुड्याकडे वळून गायला लागली, आणि जे गायली ते माझ्या तीन पानांत कुठंच नव्हतं.

"ये राजा, दमला असशील. घरी गेला तं ती पीठ मागंल. लेकरू वही मागंल. मी काय मागते? मी तं फक्त तुला मागते."

प्रत्येक ओळ ढोलाच्या मागून, सावकाश. बायांचं हसू हळूहळू बंद झालं. त्या गप्प का झाल्या हे मला आज कळतं. रोज संध्याकाळी आपला माणूस कुणाकडे जातो ते त्यांनी पहिल्यांदा समोर उभं बघितलं होतं, आणि ती सवत गोड बोलत होती. तेव्हा मात्र माझ्या डोक्यात एकच विचार: घोषणा क्रमांक चार गाळली.

शेवट आला. ढोल वाजला. बायांचं काम करणाऱ्या पोरींनी बाईला ढकललं. बाई उभी. परत ढोल, परत ढकललं. बाई उभी. मी पाराच्या आडून म्हटलं, "पडा ना, बाई."

ती न हलता, नरसाळ्याखालून पुटपुटली, "गावातली उभी हाय ना अजून?"

"म्हणजे?"

"मंग तिच्या आधी मी काहून पडू? आधी बाटली पडू दे."

प्रेक्षकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. माझ्या नाटकाचा शेवट असा झाला की बाटली ताठ उभी, आणि गाव तिला टाळ्या देतंय. पहिल्या रांगेत दुकानाचा नोकर होता, तोही वाजवत होता.

आठवड्यानं शाळेत मतदान झालं. आम्ही बावीस मतांनी कमी पडलो. शाळेच्या फाटकात मला सोजरआजी भेटली, सत्तरीची, आमच्याच गल्लीतली. मी विचारलं, "आजी, शिक्का कुठं मारला?"

"त्या बाईलाच मारला की."

"कोणत्या बाईला?"

"उभी होती ती. काय गायली माय ती. तिला आडवं काहून करू? तिनं माझं काय वाकडं केलं?"

मी रडले नाही, छापखान्यात गेले. सोजरआजीचं एक वाक्य घेतलं, त्याचे अकरा मुद्दे केले, आणि गुलाबी कागदावर जगाला सांगितलं की दारूबंदी एका गाणाऱ्या बाईनं पाडली. संघटनेनं तिला काढून टाकलं. ठराव एकमतानं झाला. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. साहेबांच्या मेहुण्यानं माझी पत्रकं पदरच्या खर्चानं पुन्हा छापून वाटली, तेव्हा तरी मला शंका यायला हवी होती. आली नाही. मला वाटलं, मुद्दे पटलेले दिसतात.

पत्रकाची एक प्रत मी स्वतः तिला द्यायला गेले. समोरासमोर टीका करायची, हे आमचं तत्त्व. हिंगोलीत मास्तरांच्या घरामागे तिची खोली होती. ती भिंतीला टेकून उभी होती, मास्तर बाजेवर बसून क्लॅरिनेटची पत्ती घासत होते. बाईनं चष्मा लावला आणि पत्रक वाचलं. दोन्ही बाजू. मास्तरांनी विचारलं, "क्या लिखी बच्ची?"

"मी दुकानदाराची हस्तक हाय म्हणती."

"अच्छा," मास्तर म्हणाले. "कुछ मिला भी क्या उसमें?"

बाईनं चष्मा काढला. "पोरी, उभ्या बाटलीवर किती शिक्के पडले?"

"नऊ."

"अन् कमी किती पडले?"

"बावीस."

"ते नऊच्या नऊ आडवीवर पडले असते, तरी तेरा कमी. व्हय ना? मंग त्या तेरा काय मी गिळल्या?"

अकरा मुद्दे लिहिणारीला एक वजाबाकी सुचली नव्हती.

"बाकीच्या बाया कुठं व्हत्या त्या दिवशी?"

"आल्या नाहीत."

"का न्हाई आल्या?"

हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. माझ्या पिशवीत मतदार यादी होती. बाईनं ती घेतली आणि मास्तरांना वाचायला बसवलं. मास्तर नावं घेत आणि ती डोळे मिटून उत्तर देई, जणू शाळेतली हजेरी चालली होती.

"ही वसमतला दिली. हिच्या वरातीत पाऊस आला होता, ढोल फुगला. ही मेली. ही परभणीला, नवऱ्याची वरात दोन तास रुसून बसली होती. ही मेली. ही पुण्याला गेली कामाला, घर बंद हाय. हिची लेक सेनगावला दिली, ही तिकडंच राहती. ही मेली. हिच्या तं मयताला मी गेलते."

त्या गावातल्या निम्म्या लग्नांत ती गायली होती. कोणती पोरगी कुठं दिली हे तिच्याइतकं ग्रामसेवकालाही माहीत नव्हतं. यादी संपली तेव्हा पंचेचाळीस नावं निघाली. लग्न होऊन गेलेल्या, कायमच्या बाहेर राहिलेल्या आणि मेलेल्या. त्या सगळ्या वर्षानुवर्षं यादीत राहून, मेल्यावरसुद्धा, उभ्या बाटलीच्या बाजूनं बसल्या होत्या.

"तुझ्या पत्रकानं मेलेल्या बाया उठायच्या न्हाईत," बाई म्हणाली. "त्यांची नावं काढ."

हरलेलं मतदान एक वर्ष परत घेता येत नाही. ते वर्ष मी मृत्यूचे दाखले, लग्नाचे पुरावे आणि नावं कमी करण्याचे अर्ज यांत घालवलं. माझ्या आयुष्यात मी इतकं रटाळ काम केलं नव्हतं आणि त्यात घोषणा द्यायला कुठंच जागा नव्हती. तहसीलच्या रांगेत बाई बरोबर यायची. कारकून म्हणायचा, बसा मावशी, वेळ लागेल. ती म्हणायची, "मी बसत न्हाई. तुमीच लवकर उठा." तो बिचारा खरंच लवकर करायचा.

एकदा मी धीर करून विचारलं, "बाई, मी एवढं लिहिलं तुमच्याबद्दल. मग तुम्ही कशाला येता?"

"तुझ्यासाठी येऊन राहिले असं वाटलं व्हय तुला?" ती पायावरचा भार बदलत म्हणाली. गुडघे सुजले होते तिचे. "दहा-बारा वर्सं झाली उभी हाय, पोरी. पाय लई दुखून राहिले. मला एकदा पडायचंय. पर असं न्हाई, कुणी ढकललं म्हणून. ती गावातली पडली की मंग. पडू दे लवकर तिला."

त्या दिवसापासून दुकान बंद होणं ही माझ्यासाठी चळवळ राहिली नाही. ते त्या गुडघ्यांचं काम झालं.

दुसऱ्या मतदानाच्या दिवशी मेहुण्यानं तयारी ठेवली होती. सकाळीच दोन टेम्पो उभे, बायांसाठी फुकट देवदर्शन, वर जेवण. वर्षभर बायांना चौकात उभं राहू न देणाऱ्याला त्याच दिवशी त्यांच्या मोक्षाची काळजी लागली. दहा वाजले तरी शाळेत बाया तुरळक. प्रचार आदल्या दिवशीच बंद झालेला. मी घरोघर जाऊन बोलले असते तर अधिकाऱ्यांनी मलाच आत टाकलं असतं.

अकराच्या सुमाराला गावाच्या तोंडाशी क्लॅरिनेट वाजली. नेहमीप्रमाणे बाई उशिरा आली होती.

हातगाडी नाही, कर्णे नाहीत, माइक नाही. मास्तर, एक ढोल आणि बाई. निवडणुकीच्या कामावरचे अधिकारी धावत आले. "ओ बाई, प्रचार बंद आहे. गाता येणार नाही."

"ऐका तं खरं."

दू-बा, दा-बा-डी, रा-बा, दू.

अधिकारी कान देऊन ऐकत राहिले. "याचा अर्थ काय?"

"अर्थ असता तं गुन्हा झाला असता," बाई म्हणाली. "अर्थच न्हाई, साहेब. लिहून घ्या."

त्यांनी खरंच वहीत काहीतरी लिहायचा प्रयत्न केला. मग शाळेपासून लांब राहा, एवढं सांगून निघून गेले. ज्या गाण्याला तीस वर्षं लोक 'हे काय अर्थाशिवाय' म्हणून हसले, ते त्या दिवशी गावातलं एकमेव कायदेशीर गाणं होतं.

आमच्याकडे रीत आहे. बँड दारात थांबला की घरच्या बाईनं पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायचं, वाजवणाऱ्यांच्या पायावर पाणी घालायचं. दारातला बँड तसाच परत गेला तर घराला बरं नाही म्हणतात. बाई एकेका दारात थांबली. नवरा, सासरा, कुणाची छाती नव्हती बाईमाणसाला आत थांब म्हणायची. बाया तांब्या घेऊन बाहेर आल्या, पाणी घातलं, आणि बाहेर आल्याच होत्या तर मागे चालू लागल्या. टेम्पोत बसलेल्यासुद्धा उतरल्या, कारण वरात निघाल्यावर टेम्पोत कोण बसतं? शाळा दिसू लागली तशी बाई थांबली आणि बाया पुढे गेल्या, हातात रिकामे तांबे घेऊन, ढोलाच्या जरा मागून. सोजरआजी शेवटी होती. बाईनं तिला दंडाला धरून थांबवलं.

"आजी, मी उभी न्हाई. मी आडवी. ध्यानात ठेवा."

आजी तिच्याकडे बघत राहिली. "तू तं उभीच हाय की, माय."

"तेच तं दुखणं हाय."

गरजेपेक्षा चार मतं जास्त पडली.

दुकानाला सील लागल्यावर पारासमोर विजयी सभा झाली. आणि प्रमुख पाहुणे कोण? साहेब. मेहुण्याचं दुकान बंद झाल्याचा आनंद साजरा करायला ते फुलांच्या हारासकट आले होते. आमच्याच संघटनेनं बोलावलं होतं, व्यापक भूमिका म्हणून. गावानं मात्र आधी नाटक मागितलं. बाई हिरवं लुगडं नेसून उभी राहिली, नरसाळं घातलं, गायली. बाया सगळ्या ओळींना हसल्या. आता त्यांना हसता येत होतं.

शेवटी ढोल वाजला. पोरी पुढे आल्या, पण मी त्यांना हातानं थांबवलं. कुणी ढकललं नाही. ढोल थांबला. मग, ताल कधीच निघून गेल्यावर, बाई सावकाश गुडघ्यात वाकली, एक हात जमिनीवर टेकला आणि आडवी झाली. नरसाळं घरंगळत पाराच्या कडेला गेलं. तिनं पाय लांब केले. कण्हल्यासारखा एक आवाज केला, तो नाटकातला नव्हता.

टाळ्या संपल्या. साहेबांनी घड्याळ बघितलं, उठले, धोतर सावरलं आणि माइककडे जायला पाय उचलला. मध्ये बाई पडली होती.

मी आडवी गेले. "थांबा, साहेब."

"अहो, मला पुढं सेनगावला जायचंय."

"ती उठल्यावर भाषण."

"कधी उठणार?"

"तिचं ती ठरवील."

साहेब हार हातात घेऊन उभे राहिले. मागे संघटनेचे अध्यक्ष मला खुणा करत होते. मी बघितलं नाही. गाव गंमत बघत बसलं. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. पाच मिनिटं गेली असतील. मला वाटलं, झोपलीच की काय. मी वाकून तिच्या कानाशी गेले.

बाईनं एकच डोळा उघडला. "गेला का तो?"

"नाही. उभाय."

"उभाय ना?" तिनं डोळा मिटला. "मंग पडते अजून जराशी."